गेंड्याचा दात

वीसेक वर्षांपूर्वी चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुऱ्याच्या शिवारात मला हरभऱ्याच्या डाळीएवढा काळा, तकतकीत तुकडा सापडला. 'मगरीचा दात' म्हणून वर्षभर मी तो घरी येणाऱ्या प्रत्येकाला दाखवला. मग एका जाणकाराने तो भिंगाखाली धरला आणि शांतपणे म्हणाला, "याला ना मूळ, ना आतली पोकळी. हा माशाचा खवला आहे." गार नावाच्या माशाचे खवले असेच मुलामा दिल्यासारखे चमकतात. त्या फजितीनंतर मी दात ओळखायला शिकायला बसलो, आणि पहिला गुरू भेटला तो दोनशे वर्षांपूर्वीचा एक डॉक्टर.

गिडिअन मँटेल हा इंग्लंडमधल्या ससेक्स परगण्यातल्या लुईस गावचा. रोगी तपासून उरलेल्या वेळात दगड जमवायचा. १८२२च्या सुमारास ककफील्डजवळच्या खाणीच्या परिसरातले काही मोठे, तपकिरी दात त्याच्या हाती आले. तो रोग्याकडे गेला असताना पहिला दात त्याच्या बायकोला, मेरी अ‍ॅनला, रस्त्याकडेच्या खडीत दिसला, अशी गोष्ट सांगतात. मँटेलने मात्र १८५१मध्ये ते दात आपल्यालाच सापडल्याचं लिहिलं. तोवर ती त्याला सोडून जाऊन बारा वर्षं झाली होती. या साक्षीला किती वजन द्यायचं ते ज्याचं त्याने ठरवावं.

अडचण दाताच्या माथ्याची होती. तो झिजून सपाट झाला होता. सरडा, मगर, घोरपड घास गिळतात, फार तर लचका तोडतात. चावून चावून दात झिजवणं हे गाई-घोड्यांचं काम. पण ज्या थरातून दात आला तो खडूच्या थरांखालचा, फार जुना, आणि तिथे एवढं मोठं सस्तन जनावर असण्याची शक्यताच नव्हती. दात एक सांगत होता, दगड दुसरं. लंडनच्या भूवैज्ञानिकांपैकी बहुतेकांनी मोठा मासा किंवा अलीकडचं सस्तन जनावर असं सांगून विषय मिटवला. विल्यम वोलस्टन एकटा मँटेलच्या बाजूने उभा राहिला. १८२३मध्ये चार्ल्स लायेलने दात पॅरिसला क्यूव्हिएला दाखवला. त्याच्याहून मोठा जाणकार युरोपात नव्हता. तो म्हणाला, गेंड्याचा पटाशीचा दात!

गावच्या डॉक्टरने इथे थांबायला हरकत नव्हती. तो थांबला नाही, म्हणून मला तो आवडतो. आणखी दात, कमी-जास्त झिजलेले, त्याने जमवत नेले. एकच झिजलेला दात फसवू शकतो. न झिजलेला शेजारी ठेवला की मूळ घडण कळते. १८२४मध्ये क्यूव्हिएनेच पत्रातून कबूल केलं, की हा पाला खाणारा सरपटणारा प्राणी असू शकेल. त्याच वर्षी लंडनच्या हंटर संग्रहालयात मँटेल कपाटं धुंडाळत असताना सॅम्युएल स्टचबरीने त्याला इग्वानाचा नमुना दाखवला. इग्वाना म्हणजे अमेरिकेतला पालाखाऊ मोठा सरडा. दाताची घडण तीच, आकार मात्र कैक पटींनी लहान. १८२५मध्ये 'इग्वानोडॉन' हे नाव छापून आलं; ते सुचवलं होतं कोनीबेअरने. मँटेलने दाताच्या हिशेबाने जनावराची लांबी साठ फुटांपर्यंत नेली. ती पुढे निम्म्यावर आली.

आता आपल्याकडचा दात. नागपूरजवळच्या टाकळीचे जीवाश्म हिस्लॉप आणि हंटर या दोन मिशनऱ्यांनी १८५५च्या त्यांच्या लेखातून जगापुढे आणले होते. तिथल्याच एका दाताला १८९०मध्ये रिचर्ड लायडेकरने 'मॅसोस्पाँडिलस रॉसी' असं नाव दिलं. मॅसोस्पाँडिलस हा दक्षिण आफ्रिकेतला डायनोसॉर, आणि आज तो पालाखाऊंच्या कुळातला मानला जातो. टाकळीच्या दाताला मात्र करवतीसारखी धार आहे. तो मांसाहारी डायनोसॉरचा, आणि मॅसोस्पाँडिलसनंतर कोट्यवधी वर्षांनी जगलेल्याचा. शेजारी ठेवून ताडून पाहायला दुसरे दात नव्हते, म्हणून जे हाताशी होतं त्या नावाखाली तो गेला. मँटेलसारखा हटून बसणारा त्याला लवकर मिळाला नाही.

टाकळी आता शहरातच जमा झाली आहे आणि तो दात लंडनच्या संग्रहालयात आहे. माझा खवला काडेपेटीत आहे. वरची 'मगरीचा दात' ही चिठ्ठी मी काढलेली नाही. खाली फक्त तारीख घालून 'गार, खवला' असं लिहिलं आहे.