कशाने गेला?

मंडळी, घरात कुणी गेले की येणारा-जाणारा आधी हेच विचारतो, "कशाने गेले हो?" साथीच्या दिवसांत हा प्रश्न साऱ्या गावाचा होतो.

१८९७ साली पुण्यात प्लेगने कहर केला. जांघेत, काखेत गाठ दिसली म्हणजे प्लेग, अशी तेव्हाची वरवरची पारख. सोजिरांच्या घरझडत्यांनी लोक इतके धास्तावले, की आजारी माणूसच काय, मृतदेहही लपवू लागले. मग खरे कारण नोंदायचे कुणी? क्ष-किरण १८९५ सालीच सापडले होते. पण गाठीतला जंतू त्यांना दिसणारा नव्हता.

पुढे २०२० साली करोना आला. राज्यातले पहिले रुग्ण पुण्यातच सापडले, आणि आमची धायरी तर आता पुणे शहरातच मोडते. संसर्गाच्या भयाने शवाची चिरफाड शक्यतो टाळावी, असे सरकारी वैद्यकीय संशोधन परिषदेने सुचवले. २०२१ साली दिल्लीच्या एम्समध्ये सीटी यंत्राने शवतपासणी सुरू झाली. हे यंत्र क्ष-किरणांनीच देहाची थराथराने चित्रे घेते. मोडलेले हाड, साकळलेले रक्त, फुप्फुसातले डाग न कापता दिसतात.

पण मेल्यावर रक्त खाली उतरते, आणि फुप्फुसात तसेच डाग पडतात. म्हणून नाका-घशातल्या स्रावाची तपासणी नि आजाराची हकीकत जोडीला हवीच.

गुरुजी, मुलांना एवढे सांगा : गेलेल्याचे कारण खरे नोंदले, तरच मागे राहिलेल्यांचा बचाव नीट होतो. आणि देहाचा मान राखला, तर लोक काही लपवीत नाहीत.