नोंद आणि घटना : महिला आशियाई चषकाचा इतिहास व अंधेरीचे क्रीडांगण

क्रीडास्पर्धेचा इतिहास बहुधा विजेत्यांच्या यादीच्या रूपाने वाचकांपुढे येतो. वर्ष, स्थळ, विजेता, उपविजेता व गोलसंख्या हे पाच रकाने भरले की इतिहास पुरा झाला, अशी सर्वसाधारण समजूत असते. परंतु अशी प्रत्येक यादी काही नियमांवर उभी असते. कोणता संघ राष्ट्राचा प्रतिनिधी म्हणून धरावा, कोणती स्पर्धा अधिकृत मानावी, आणि कोणता सामना झाला असे समजावे, हे ते नियम ठरवितात. नियम बदलले की यादी बदलते. मैदानावर घडलेली घटना मात्र बदलत नाही. नोंद व घटना ह्यांमधील हे अंतर तपासण्यास महिला आशियाई चषक ही फुटबॉल-स्पर्धा विशेष उपयुक्त आहे. तिचे विसावे पर्व २० जानेवारी ते ६ फेब्रुवारी २०२२ ह्या काळात नवी मुंबई, पुणे व मुंबई उपनगरातील अंधेरी येथे पार पडले. यजमानपद भारताकडे होते. तथापि त्या पर्वाच्या गुणतक्त्यात भारताच्या नावे एकही सामना नाही. हा विपर्यास नीट समजावयाचा, तर स्पर्धेच्या आरंभापासून विचार करावा लागतो.

महिलांचे फुटबॉल हे अधिकृत संस्थांच्या आश्रयाने वाढले नाही. बऱ्याच अंशी ते त्यांच्या विरोधाला न जुमानता वाढले. इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने डिसेंबर १९२१ मध्ये आपल्या सदस्य-क्लबांची मैदाने महिलांच्या सामन्यांना बंद केली व ही बंदी जवळजवळ अर्धशतक, म्हणजे १९७१ पर्यंत, टिकली. आशियातील पहिली खंडीय स्पर्धा १९७५ साली हाँगकाँग येथे झाली, ती आशियाई फुटबॉल महासंघाच्या वतीने नव्हे, तर ‘आशियाई लेडीज फुटबॉल कॉन्फेडरेशन’ ह्या स्वतंत्र संस्थेच्या वतीने. सहा संघ उतरले होते. अंतिम सामन्यात न्यूझीलंडने थायलंडचा ३–१ असा पराभव केला. आशिया खंडाबाहेरील देश आशियाचा पहिला विजेता ठरावा, ह्यात त्या काळी कोणास विसंगती वाटली नाही. कारण खंडाची सीमा ही भूगोलापेक्षा सहभागाच्या इच्छेने ठरत होती.

राष्ट्राच्या बाबतीतही हीच सैलता होती. स्पर्धेचे तिसरे पर्व जानेवारी १९८० मध्ये केरळातील कोझिकोडे येथे भरले. सामने १९८० मधील असले, तरी काही याद्यांत ते १९७९ चे म्हणून दाखविले जाते; नोंदीतील हा पहिला घोटाळा वर्षाचाच आहे. यजमान भारताने त्या वेळी दोन संघ उतरविले. एक दक्षिणेचा व दुसरा उत्तरेचा, आणि नोंदीत त्यांची नावे ‘भारत एस’ व ‘भारत एन’ अशी आद्याक्षरांनी येतात. ऑस्ट्रेलियाकडून देशाचा संघ आला नव्हता. पश्चिम ऑस्ट्रेलिया ह्या राज्याचा संघ आला होता. अंतिम सामन्यात तैवानने ‘भारत एस’ संघास २–० असे हरविले. म्हणजे भारताचे पहिले उपविजेतेपद हे काटेकोरपणे पाहता अर्ध्या भारताचे उपविजेतेपद होय. पुढे १९८१ साली हाँगकाँग येथे भारताने तिसरे स्थान मिळविले, व १९८३ साली बँकॉक येथे तो पुन्हा अंतिम फेरीत पोहोचला. तेथे थायलंडने त्याचा ३–० असा पराभव केला. लागोपाठच्या तीन पर्वांत दोन उपविजेतीपदे व एक तिसरे स्थान, ही कामगिरी भारताच्या पुरुष संघाच्या उत्तम काळाशी तोलून पाहावी अशी आहे. त्या पिढीतील शांती मलिक ह्यांना १९८३ चा अर्जुन पुरस्कार लाभला. हा मान मिळविणाऱ्या त्या पहिल्या महिला फुटबॉलपटू होत.

ही कामगिरी सार्वजनिक स्मृतीत का राहिली नाही, ह्याचे उत्तरही नोंदीच्या व्यवस्थेतच सापडते. भारतातील महिला फुटबॉलचा कारभार १९७५ पासून एका स्वतंत्र महासंघाकडे होता. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने तो आपल्याकडे घेतला, तो १९९० च्या दशकाच्या आरंभी. आशियाई पातळीवर हेच स्थित्यंतर १९८६ साली झाले व लेडीज कॉन्फेडरेशन आशियाई महासंघात विलीन झाले. विलीनीकरणाने खेळाला पैसा, पंच व वेळापत्रक मिळाले. पण जुन्या संस्थेचे दप्तर जेव्हा नव्या संस्थेकडे जाते, तेव्हा निकाल तेवढे पुढे सरकतात. ज्या माणसांनी ते निकाल घडविले त्यांची माहिती मागे राहते. विजेत्यांच्या यादीत १९८० व १९८३ ह्या ओळी आजही आहेत. त्या संघांतील बहुतेक खेळाडूंची नावे मात्र सुशिक्षित वाचकासही सांगता येणार नाहीत.

१९८६ हे वर्ष दुसऱ्याही एका कारणाने सीमारेषेचे ठरते. त्या वर्षी चीन प्रथमच विजयी झाला व १९९९ पर्यंत ओळीने सात वेळा त्याने ही स्पर्धा जिंकली. १९९१ पासून स्पर्धेला नवे प्रयोजन प्राप्त झाले. त्या वर्षी चीनमध्ये महिलांची पहिली जागतिक स्पर्धा भरली आणि आशियातून कोणते संघ तेथे जावयाचे, हे ह्याच स्पर्धेने ठरविले. ह्या जागतिक स्पर्धेच्या मूळ नावात ‘विश्वचषक’ हा शब्द नव्हता. ते नाव तिला मागाहून लाभले व मग भूतकाळासही लागू करण्यात आले. आशियाई स्पर्धेचे नावही असेच बदलले. २००६ पर्यंत ती अजिंक्यपद स्पर्धा म्हणून ओळखली जात असे. त्या वर्षापासून ती ‘चषक’ झाली, आणि पुरुषांच्या स्पर्धेच्या नावाशी तिचे नाव जुळले. संज्ञेतील हा बदल दिसावयास लहान असला, तरी त्यातून मान्यतेची पायरी सूचित होते. ज्या खेळाला प्रारंभी ‘लेडीज’ ह्या शब्दाने शिष्टाचाराच्या कोपऱ्यात बसविले होते, त्याला पुरुषांच्या स्पर्धेचेच नाव मिळण्यास एकतीस वर्षे लागली.

ह्याच काळात भारत मात्र मागे पडत गेला. २००३ च्या पर्वानंतर २००६ ते २०१८ ह्या अवधीत मुख्य स्पर्धेत त्याला एकदाही स्थान मिळाले नाही. उत्तर कोरिया, ऑस्ट्रेलिया व जपान ही नावे विजेत्यांच्या यादीत आली. जपानने २०१४ व २०१८ ह्या दोन्ही वेळा ऑस्ट्रेलियास १–० असे हरवून चषक जिंकला. २०२२ च्या पर्वात भारताचा प्रवेश यजमान म्हणून झाला. संघसंख्या आठावरून बारा करण्यात आली होती. सामने प्रारंभी भुवनेश्वर, अहमदाबाद व नवी मुंबई येथे व्हावयाचे होते. परंतु कोविड महासाथीच्या काळात संघांचा प्रवास कमी व्हावा म्हणून २०२१ मध्ये पहिल्या दोन स्थळांऐवजी पुण्याचे बालेवाडी क्रीडासंकुल व अंधेरीचे क्रीडांगण निवडण्यात आले.

अंधेरीची निवड ही मुंबईच्या फुटबॉलच्या भूगोलातील एका संथ पालटाची खूण होती. रोव्हर्स चषकाची परंपरा १८९१ पासूनची; शहराचे फुटबॉल दीर्घ काळ दक्षिण मुंबईतील कूपरेज मैदानाभोवतीच नांदले. अंधेरी पश्चिमेतील वीरा देसाई मार्गावरचे महापालिकेचे शहाजीराजे भोसले क्रीडासंकुल १९८८ मध्ये उभे राहिले, आणि उपनगराला प्रेक्षागृह असलेले मोठे क्रीडांगण मिळाले. ३ सप्टेंबर २०१६ रोजी येथे भारताने प्वेर्तो रिकोचा ४–१ असा पराभव केला. मुंबईत पुरुषांचा आंतरराष्ट्रीय सामना ६१ वर्षांनी होत होता. जून २०१८ मध्ये येथेच चार देशांचा आंतरखंडीय चषक खेळला गेला. पहिल्या सामन्यास जेमतेम अडीच हजार प्रेक्षक आले, तेव्हा कर्णधार सुनील छेत्री ह्यांनी लोकांना मैदानावर येण्याचे जाहीर आवाहन केले. पुढील सामन्याला, भर पावसातही, प्रेक्षागृह भरले. १० जून रोजी केनियावर २–० असा विजय मिळवून भारताने तो चषक जिंकला. उपनगराच्या स्मरणात हे मैदान राहिले ते ह्या आठवड्यामुळे.

चार वर्षांनी महिलांची स्पर्धा आली ती महासाथीच्या तिसऱ्या लाटेत, प्रेक्षकांच्या गर्दीवाचून. २१ जानेवारी २०२२ रोजी अंधेरीत ऑस्ट्रेलियाने इंडोनेशियावर १८–० अशी मात केली. सॅम कर ह्यांनी त्या सामन्यात पाच गोल केले व ऑस्ट्रेलियाच्या पुरुष व महिला अशा दोन्ही संघांत मिळून सर्वाधिक आंतरराष्ट्रीय गोलांचा टिम केहिल ह्यांचा विक्रम मागे टाकला. तीन दिवसांनी ह्याच मैदानावर ऑस्ट्रेलियाने फिलिपाइन्सला ४–० असे हरविले. हे सर्व आकडे नोंदीत कायम आहेत.

ह्याउलट, २० जानेवारी रोजी नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील क्रीडांगणावर भारत व इराण ह्यांच्यात झालेला सामना पाहावा. नव्वद मिनिटे खेळ झाला. कोणासही गोल करता आला नाही. नियमाप्रमाणे दोन्ही संघांना एकेक गुण मिळाला. इराणचा ह्या स्पर्धेतील हा पहिलाच सामना होता, आणि म्हणून तो गुण त्या देशाचा पहिला गुण होता. २३ जानेवारीस भारताची गाठ तैवानशी पडावयाची होती. परंतु भारतीय शिबिरात कोविडचा प्रादुर्भाव झाल्याने नियमानुसार आवश्यक असलेल्या किमान १३ खेळाडू उपलब्ध होऊ शकल्या नाहीत. सामना होऊ शकला नाही. महासाथीसाठी केलेल्या विशेष नियमांखाली भारताने स्पर्धेतून माघार घेतली असे मानण्यात आले, आणि त्याचे सर्व सामने रद्दबातल ठरले. चीनविरुद्धचा २६ जानेवारीचा सामना झालाच नाही. अंधेरीच्या मैदानावर यजमान संघ ह्या स्पर्धेत एकदाही उतरला नाही.

‘रद्दबातल’ हा शब्द येथे विचारात घेण्याजोगा आहे. त्यातील ‘रद्द’ व ‘बातल’ ही दोन्ही अंगे मूळची अरबी. पहिल्यात परत फिरविण्याचा, दुसऱ्यात निष्फळ वा पोकळ असल्याचा भाव आहे. कायद्याच्या भाषेत एखादी गोष्ट रद्दबातल झाली म्हणजे ती प्रारंभापासूनच नव्हती असे धरावयाचे असते. करारपत्राच्या बाबतीत ही कल्पना सोयीची आहे. सामन्याच्या बाबतीत तिचा परिणाम विचित्र होतो. इराणचे उरलेले दोन सामने चीनकडून ७–० व तैवानकडून ५–० असे गमावले गेले. भारताबरोबरची बरोबरी पुसली गेल्यामुळे त्याच्या पदार्पणाची नोंद शून्य गुणांची राहिली. स्वतःचा काहीही दोष नसताना एका संघाचा पहिला गुण गेला. इंडोनेशियाचा अठरा गोलांचा पराभव नोंदीत टिकला आणि इराणने झुंजून मिळविलेली बरोबरी टिकली नाही.

ह्यावर नियमाच्या बाजूने उत्तर देता येते, व ते दुर्लक्षणीय नाही. एखादा संघ मध्येच बाहेर पडला आणि त्याचा एकच निकाल मोजला, तर ज्यांना त्याच्याशी खेळण्याची संधी मिळाली नाही त्या संघांवर अन्याय होतो. गुणतक्ता हे तुलनेचे साधन आहे. तुलनेसाठी समान आधार लागतो. ह्या मर्यादेत नियम योग्यच म्हणावा लागेल. प्रश्न उद्भवतो तो तुलनेचे साधनच इतिहास म्हणून स्वीकारले जाते तेव्हा. महासाथीत आजारी पडलेल्या खेळाडूंनी ‘माघार’ घेतली, असे विधान गुणतक्त्याच्या दृष्टीने नियमबद्ध असले, तरी इतिहासाच्या दृष्टीने ते असत्याच्या जवळ जाते; कारण माघार ह्या शब्दात इच्छा गृहीत आहे.

स्पर्धा पुढे चालू राहिली. ६ फेब्रुवारीस नवी मुंबईत चीन व दक्षिण कोरिया ह्यांचा अंतिम सामना झाला. मध्यंतरास कोरिया २–० असा पुढे होता. चीनने दोन गोल फेडले व भरपाई वेळेत तिसरा करून ३–२ असा विजय मिळविला. हे त्याचे नववे व २००६ नंतरचे पहिले विजेतेपद. फिलिपाइन्स व व्हिएतनाम ह्यांना २०२३ च्या विश्वचषकाचे द्वार प्रथमच उघडले. भारतासाठीही ते द्वार उपान्त्यपूर्व फेरीपासून खुले होणार होते; तेथवर पोहोचण्याची क्षमता होती की नव्हती, हा प्रश्न मैदानावर सुटलाच नाही. ५ जुलै २०२५ रोजी चिआंग माई येथे थायलंडचा २–१ असा पराभव करून भारताने ऑस्ट्रेलियातील २०२६ च्या स्पर्धेसाठी पात्रता मिळविली, तेव्हा त्या प्रश्नाचे अंशतः उत्तर मिळाले. पात्रता फेरी जिंकून मुख्य स्पर्धेत प्रवेश करण्याची भारताची ही पहिलीच वेळ होती, आणि पराभूत झालेला देश १९८३ च्या अंतिम सामन्यातील विजेताच होता.

ह्या विवेचनावरून अभ्यासकांपुढे दोन कामे स्पष्ट होतात. पहिले, अशा स्पर्धांचा इतिहास लिहिताना जे घडले व जे मोजले गेले ह्यांचे रकाने वेगळे ठेवणे. म्हणजे २० जानेवारी २०२२ चा सामना गुणतक्त्यात नसला तरी वृत्तान्तात राहील. दुसरे काम अधिक निकडीचे आहे. १९८० व १९८३ च्या संघांतील खेळाडू आता उतारवयात आहेत. त्यांच्या आठवणी, छायाचित्रे, पत्रव्यवहार व तत्कालीन वृत्तपत्रांतील कात्रणे कोणी पद्धतशीर गोळा केली, तर विजेत्यांच्या यादीतील दोन ओळींना माणसांची नावे मिळतील. त्या खेळाडू हयात असताना हे काम झाले नाही, तर पुढील अभ्यासकाच्या हाती केवळ गोलसंख्या उरेल.