उपरण्याखालचे हात



आम्ही कोथरूडच्या दहा-बारा जणी. दर बुधवारी दुपारी चारला, घरची आवराआवर करून, सोसायटीच्या हॉलमध्ये सतरंजी घालून बसतो. मंत्र म्हणतो, न्यास करतो, मुद्रा शिकतो आणि शेवटी डोळे मिटून ध्यान करतो. गेल्या पावसाळ्यात आमच्यात एक आजी येऊ लागल्या. वय अठ्ठ्याहत्तर. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "मला सगळं पाठ आहे, पण मी म्हटलं तर चालेल का गं?"

झालं होतं असं, की आजींचे यजमान रोज संध्या करायचे. पन्नास वर्षं आजींनी पळी-पंचपात्र घासून ठेवलं, पाट मांडला, ताम्हन पुढं केलं. ऐकून ऐकून शब्द तोंडी बसले, पण ओठांवर कधी आले नाहीत. आणि हात तर त्यांनी पाहिलेच नव्हते. मुद्रा आणि जप चारचौघांना दाखवायचे नसतात, म्हणून यजमान हात उपरण्याखाली झाकून घ्यायचे. त्यांच्या या एका प्रश्नानं आम्ही सगळ्याच इतिहास शोधायला लागलो. त्यात जे सापडलं, ते आज सांगतो.

आधी ही रीत समजून घेऊ. मंत्र म्हणजे वाणी, मुद्रा म्हणजे शरीर आणि ध्यान म्हणजे मन. तिघांना एकाच वेळी एकाच कामाला लावायचं. नाहीतर तोंड म्हणतं स्तोत्र, हात निवडतात मेथी आणि मन पोचतं बँकेत! संध्येत आचमन, प्राणायाम झाला की न्यास येतो, म्हणजे मंत्राचा एकेक भाग बोटांवर, हृदयावर, मस्तकावर ठेवायचा. मग गायत्रीच्या २४ अक्षरांइतक्याच २४ मुद्रा. सुमुख, संपुट, वितत, विस्तृत अशा सुरू होऊन मुद्गर, पल्लव अशा संपतात. ध्यानात गायत्री डोळ्यांपुढं आणायची: सकाळी बालिका, दुपारी तरुणी, संध्याकाळी वृद्धा. गंमत बघा, बाईच्या आयुष्याच्या तिन्ही अवस्था ध्यानात होत्या, पण ध्यान करायला बाई नव्हती.

असं नेहमीच होतं का? नाही. ऋग्वेदात घोषा, अपाला, विश्ववारा, लोपामुद्रा यांच्या नावाच्या ऋचा आहेत. भारतरत्न पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासात हारीताचं वचन नोंदवलं आहे. त्यात स्त्रिया दोन प्रकारच्या सांगितल्या आहेत, ब्रह्मवादिनी आणि सद्योवधू. ब्रह्मवादिनींची मुंज होई, त्या अग्नी राखत, वेद शिकत. पुढं मुलींची लग्नं लवकर होऊ लागली, मुंज बंद झाली आणि तिच्याबरोबर मंत्रही गेला.

ही त्रिसूत्री काही एका धर्माची नाही. आपल्या वेरूळला जा. सहाव्या लेण्यात महामायूरी आहे, शेजारी मोर आणि खाली पोथी वाचणारा लहानसा विद्यार्थी. पुष्कळ जण तिला सरस्वती समजून नमस्कार करतात. पण ती बौद्धांची देवी, साप-विंचवापासून राखणाऱ्या मंत्राचंच मूर्त रूप. म्हणजे मंत्र म्हणता म्हणता तो डोळ्यांपुढं बाईच्या रूपात उभा राहायचा. बाराव्या लेण्यात, तीन ताल म्हणतात त्यात, आठव्या शतकातले चौकोनी मंडल कोरलेले आहेत. नऊ घरं, मधल्या घरात बुद्ध आणि भोवती आठ बोधिसत्त्व. ध्यानाचा जणू दगडातला नकाशाच! पुढं कूकाई नावाचा जपानी भिक्षू चीनमध्ये जाऊन ही विद्या शिकला आणि ८०६ साली मायदेशी परतला. त्याच्या पंथाचं नाव शिंगोन, अर्थ 'खरा शब्द', म्हणजेच मंत्र. तिथं आजही शरीर, वाणी आणि मन ही तीन गुह्यं मानतात, आणि त्यासाठी मुद्रा, मंत्र, ध्यान एकत्र करतात.

आता घरात या. वेदमंत्र मिळाला नाही, तरी आपल्या आज्या-पणज्या गप्प बसल्या नाहीत. त्यांनी स्तोत्रं धरली. दिवेलागणीला म्हणतो ती रामरक्षा आठवा. सुरुवातीला ऋषी, छंद, देवता सांगितले जातात. मग ध्यान येतं: पीतांबर नेसलेला, धनुष्यबाण घेतलेला, डावीकडं सीता असलेला राम. त्यानंतर कवच: डोकं, कपाळ, डोळे, कान असं करत करत थेट पायांपर्यंत एकेका अवयवाचं रक्षण मागायचं. हा न्यासच नाही का? लहानपणी आजी आपला हात धरून कपाळाला, छातीला लावायची, तेव्हा ती आपल्याला न्यास शिकवत होती. फक्त तिला कुणी ते नाव सांगितलं नव्हतं.

वारकरी संतांनी तर दारच उघडलं. नामाला ना मुंज लागते, ना सोवळं. मुक्ताबाई, जनाबाई त्या वाटेनं गेल्या. सतराव्या शतकात तुकोबांच्या शिष्या संत बहिणाबाई यांनी, बाईला वेदाचा अधिकार नाही ही खंत आपल्या अभंगांत स्पष्ट मांडली. म्हणजे आमच्या आजींचा प्रश्न तीनशे वर्षांपूर्वीही विचारला गेला होता.

हे सगळं बोलणं चाललं असताना आमच्यातली एक जण म्हणाली, "तुम्ही बायकांचं म्हणताय. आमच्याकडं तर आजोबांनाही अधिकार नव्हता." हॉलमध्ये शांतता पसरली. तिचं खरं होतं. १८९९ साली कोल्हापूरच्या छत्रपती शाहू महाराजांसाठीसुद्धा पुरोहितांनी वेदोक्त मंत्र म्हणायला नकार दिला होता. त्यावरून वेदोक्त प्रकरण पेटलं. त्याआधी जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये सत्यशोधक समाज काढून भटजीवाचून लग्नं लावायला सुरुवात केली होती. मंत्र कुणाच्या तोंडी शोभतो, हा प्रश्न नुसता देवघरातला कधीच नव्हता. तो मानाचा होता. ज्याला मंत्र नाही, त्याला पंगतीत जागा नाही आणि बहुतेक वेळा शाळेतही नाही.

शाळेवरून आठवलं. आपल्या कोथरूडच्या शेजारी हिंगणे, आजचं कर्वेनगर. धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ साली विधवांसाठी आश्रम काढला आणि १९०० साली तो हिंगण्याच्या माळावर एका झोपडीत नेला. तिथं मंत्र शिकवले नाहीत, अक्षरं शिकवली. पण ज्या बाईचं नुसतं दर्शन अशुभ मानत, तिच्या हाती पुस्तक आलं. पोथी उघडायची, तर आधी अक्षर यायला हवं. ज्या कर्वे रस्त्यानं आम्ही रोज भाजीला जातो, तो रस्ता आमच्या या वर्गाकडंही येतो, असं आम्हाला वाटतं.

मंत्राचं दार मात्र उशिरा उघडलं. तेव्हाच्या नगर जिल्ह्यातल्या साकोरीला उपासनी महाराजांनी कन्याकुमारी स्थान उभं केलं आणि मुलींना वेदपठण आणि यज्ञकर्म शिकवलं. त्यांच्या मागं गोदावरी मातांनी ती परंपरा सांभाळली. पुण्यात १९७०च्या दशकात शंकरराव थत्ते, सगळ्यांचे थत्तेमामा, यांनी सदाशिव पेठेतल्या उद्यान प्रसाद कार्यालयात बायकांना पौरोहित्य शिकवायला घेतलं. शिकायला आल्या त्या बहुतेक गृहिणी, मुलं मोठी झालेल्या. पुढं ज्ञानप्रबोधिनीनं स्त्रिया आणि सर्व जातींच्या लोकांसाठी पौरोहित्याचे वर्ग चालवले, मंत्रांचा अर्थ मराठीत सांगत विधी करायची पद्धत रुळवली. सुरुवातीला टीका झाली. आज वास्तुशांतीला गुरुजींऐवजी काकू आल्या तर पुण्यात कुणी वळून बघत नाही. ऋषिपंचमीला पहाटे दगडूशेठ गणपतीपुढं हजारो बायका अथर्वशीर्ष म्हणतात. त्यातही ध्यान आहेच: एक दात, चार हात, पाश, अंकुश, लाल रंग, सुपासारखे कान.

तर आम्ही आजींना काय उत्तर दिलं? काहीच नाही. त्यांना मधे बसवलं आणि सुरुवात केली. शब्द त्यांचे चोख, आमचेच चुकत होते. मग मुद्रा आल्या. आजींची बोटं संधिवातानं वाकलेली, पण त्यांनी दोन्ही तळवे जोडले, उघडले, एकमेकांत गुंफले. थोडा वेळ स्वतःच्या हातांकडं बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "एवढंच होतं होय उपरण्याखाली?"

आम्ही सगळ्या हसलो. त्याही हसल्या. मग डोळे पुसले आणि म्हणाल्या, "ह्यांना दाखवायला हवं होतं."

मैत्रिणींनो, तुम्हालाही सुरुवात करायची असेल तर अवघड काही नाही. तुम्हाला भावेल तो मंत्र किंवा नाम घ्या, कुठल्याही धर्माचं. जपाला माळ नसली तरी उजवा हात आहे. अनामिकेच्या मधल्या पेरावर अंगठा ठेवून एक म्हणा, तिच्या खालच्या पेरावर दोन. मग करंगळीची तीन पेरं खालून वर, अनामिकेचं टोक, मधल्या बोटाचं टोक आणि शेवटी तर्जनीची तीन पेरं वरून खाली. झाले दहा. मधल्या बोटाची खालची दोन पेरं मेरू, ती ओलांडायची नाहीत. प्रत्येक नामाबरोबर एकच रूप डोळ्यांपुढं ठेवा. मन पळालं तर रागावू नका, पुन्हा पहिल्या पेरावर या.

आणि हो, हात झाकायचे की उघडे ठेवायचे, ते तुमचं तुम्ही ठरवा. आमच्या आजी आता उघडेच ठेवतात. शेजारची आठ वर्षांची नात त्यांचं बघून शिकते आहे.