पायलीवरची शीग

आमच्या धायरीच्या घरात जुनी गोष्ट निघाली की आधी ठरतं, ती पुराच्या आधीची की नंतरची. पूर म्हणजे पानशेतचा, १२ जुलै १९६१ चा. किलो गावात कधी आला, यावर मात्र घरात कधीच एकमत झालं नाही. थोरले काका म्हणत पुराच्या आधी, आत्या म्हणते नंतर. दोघांचंही खरं असावं. वजनमापांचा कायदा १९५६ चा, नवी वजनं १९५८ पासून टप्प्याटप्प्यानं आली आणि १९६२ साली देशभर सक्तीची झाली. मधल्या काळात वाण्याच्या ताजव्याशेजारी शेर आणि किलो, जावाजावांसारखे, तोंडं फिरवून बसलेले असत.

त्याआधीचा हिशेब आजीच्या तोंडून ऐकावा. दोन निळव्यांचं कोळवं, दोन कोळव्यांचं चिपटं, दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली, सोळा पायल्यांचा मण, वीस मणांची खंडी. हे ती भाकरी थापता थापता म्हणायची, त्यामुळे मला अजूनही चिपटं म्हटलं की तव्यावरच्या बाजरीचा वास येतो. खळ्यावर रास मोजताना पहिल्या पायलीला कुणी ‘एक’ म्हणायचं नाही, ‘लाभ’ म्हणायचं. मग दोन, तीन. आणि पायली काठोकाठ भरून थांबायचं नाही, वर दाण्यांचा डोंगर व्हायला हवा. ती शीग.

ही शीग मोठी लबाड चीज. सुताराला, लोहाराला बलुतं देताना आजी हात सैल सोडायची, दाणे घरंगळून सुपात पडले तरी उचलायची नाही. पण उसनवारीचं धान्य देणारा देताना माप सपाट करी आणि परत घेताना शिगेनं घेई. त्यातून एका बाजारातली पायली दुसऱ्या बाजारात बसेलच असं नाही. आजोबांचं एक ठरलेलं वाक्य होतं, “माप कुणाचं ते आधी विचारावं, भाव नंतर.”

पुढे वाचताना कळलं की १७८९ साली फ्रान्समधल्या शेतकऱ्यांनी राजाकडे पाठवलेल्या गाऱ्हाण्यांत हेच होतं. जमीनदारागणिक माप वेगळं, आणि सारा घेताना शीग. क्रांतीनंतर तिथल्या विद्वानांनी ठरवलं की माप राजाच्या घरचं नको, पृथ्वीचंच घ्यावं. देलांब्र आणि मेशां हे दोघे १७९२ पासून सहा-सात वर्षं डंकर्क ते बार्सिलोना पृथ्वी मोजत हिंडले, आणि ध्रुवापासून विषुववृत्तापर्यंतच्या अंतराचा एक कोटीवा भाग तो मीटर ठरला. आजीला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “एवढं हिंडले, भाकरी कुठं खाल्ली असंल?”

खुद्द फ्रान्सलाही हे पटकन पचलं नाही. १८१२ मध्ये नेपोलियननं जुन्या मापांना पुन्हा वाट दिली, मीटर-किलोची सक्ती झाली ती १८४० पासून. आपल्याकडे इंग्रजांनी १८७१ साली शेर म्हणजे एक किलो असा कायदा केला आणि तो कागदावरच राहिला. स्वातंत्र्यानंतर मात्र नेहरूंच्या काळात नियोजन आयोगातल्या पीतांबर पंतांसारख्या माणसांनी ही गोष्ट लावून धरली. कारखाने, रेल्वे, धरणं उभारायची तर देशभर एकच माप हवं, हा त्यांचा विचार.

आधी पैसा बदलला. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे चौसष्ट पैसे जाऊन शंभर नवे पैसे झाले. आण्याचे सव्वासहा! हा पाव पैसा कुणाच्या खिशात जातो यावरून म्हणे मंडईत रोज कचाकच. आजोबांचं पावकी, निमकी, पाऊणकी, दिडकी सगळं पाठ, वांग्याच्या पाटीचा हिशेब ते बोटं न हलवता करत. एका रात्रीत ती विद्या निम्म्यानं फिकी पडली. आणि चौथीत शिकणारी आत्या, जिला पुढे शिकवायचं की नाही यावर घरात खल चालला होता, ती एकदम कामाची झाली. मंडईत आजोबा तिला जवळ बसवून घेऊ लागले. आळीतल्या बायका दूधवाल्याचा, वाण्याचा हिशेब घेऊन तिच्याकडे येत. तिची शाळा पुढे चालू राहिली ती नव्या पैशामुळे, असं ती हसत सांगते. काका म्हणत, आजीनं रडून हट्ट धरला म्हणून. मला वाटतं दोन्ही कारणं एकमेकांना धरून असावीत.

माणसांनी सगळं मात्र घेतलं नाही. सातबाऱ्यावर हेक्टर-आर आले, तरी धायरीत जमिनीचा सौदा अजून गुंठ्यावर होतो. गुंठा १०१ चौरस मीटरांच्या जरा वर, आर बरोबर शंभरांचा, मग कशाला जीभ वळवा? धान्यात शीग गेली. तिच्यातली लबाडी गेली हे चांगलंच झालं. आजीच्या हातचे ते घरंगळणारे दाणेही गेले, पण त्याला कायदा काय करणार? त्यासाठी कुणी पृथ्वी मोजलेली नव्हती.

सोन्याचं तर उलटंच. जुना तोळा साडेअकरा ग्रॅमच्या थोडा वर, आताचा दहाचा. आजीच्या चार तोळ्यांच्या पाटल्या परवा आत्यानं सराफाकडे वजन करायला दिल्या, तर त्या साडेचार तोळ्यांच्याही वर भरल्या. आत्यानं लगेच तोंडी हिशेब करून सराफाला फरक समजावून सांगितला. तो बिचारा तिशीतला, ऐकून घेत होता. बाहेर आल्यावर ती एवढंच म्हणाली, “घरातून जाताना तरी शीग नको.” आणि पाटल्या न मोडता परत घेऊन आली.