उश्गुली : बुरुजांच्या सावलीतली घरे

१/ जॉर्जियाच्या वायव्येस, कॉकेशसच्या मुख्य पर्वतरांगेला टेकून स्वानेती नावाचा प्रदेश आहे. त्याच्या वरच्या टोकाला, सुमारे २,१०० मीटर उंचीवर, उश्गुली वसले आहे. चार वाड्यांचे मिळून एक गाव, मागे ५,१९३ मीटर उंचीचे श्खारा शिखर, आणि घरांच्या दाटीतून वर चढलेले काळसर दगडी बुरूज.

२/ या गावाविषयी जे काही लिहिले जाते, त्यात एक वाक्य हमखास आढळते : ‘येथे काळ थांबला आहे.’ गेल्या वर्षी मीही तेच वाक्य मनात घेऊन तेथे गेले होते. परतताना ते मला पटेनासे झाले. का, ते सांगण्यासाठी हा थ्रेड.

३/ माझा मावसभाऊ त्बिलिसीत वैद्यकीय शिक्षण घेतो. त्याच्यासोबत रात्रीच्या रेल्वेने झुग्दिदी, तेथून एन्गुरी नदीच्या दरीतून वर मेस्तिया, आणि मेस्तियाहून सुमारे ४५ किलोमीटरवरचे उश्गुली. वाटेतल्या प्रत्येक गावात बुरूज दिसतात, तरीही उश्गुलीचे पहिले दर्शन माणसाला थांबवतेच.

४/ किल्ले पाहत वाढलेली मराठी नजर येथे प्रथम तटबंदी शोधते, मग महाद्वार, मग बालेकिल्ला. यांपैकी काहीच सापडत नाही. हा किल्ला नव्हेच. प्रत्येक बुरूज एकेका घराला लागून उभा आहे आणि तो त्या घराचा आहे. आपल्याकडे गावात गढी असे, पण ती एका वतनदाराची. येथे जणू प्रत्येक कुळाने आपापली गढी बांधली.

५/ बुरुजाखालच्या घराला ‘माचुबी’ म्हणतात. एकच मोठे दालन, मध्यभागी चूल, आणि भिंतींच्या कडेने कोरीव लाकडी फळ्यांआड गुरांचे गोठे. गोठ्यांच्या वर माणसांच्या झोपण्याच्या जागा. हिवाळ्यात गुरांची ऊब माणसांना मिळे. चुलीवर एक जड आडोसा टांगलेला असे, ठिणगी उडून छत पेटू नये म्हणून. वरच्या मजल्यावर वैरण आणि अवजारे.

६/ बुरूज साधारण तीन ते पाच मजल्यांचे असून त्यांची उंची २० ते २५ मीटरपर्यंत जाते. भिंत तळाशी जाड आणि वर निमुळती. दार जमिनीपासून उंचावर. आत एका मजल्यावरून दुसऱ्यावर जायचे ते लाकडी शिडीने, अरुंद भोकातून. शिडी वर ओढून भोक झाकले की खालच्याला वाट उरत नाही. बहुतेक बुरूज नवव्या ते तेराव्या शतकांदरम्यानचे मानले जातात.

७/ हे सारे कोणाविरुद्ध? पर्वत ओलांडून येणाऱ्या टोळ्यांविरुद्ध, हे उत्तर खरे आहे, पण अपुरे. स्वानेतीत कुळाकुळांमध्ये रक्तवैराची प्रथा होती. एका खुनाचा सूड दुसऱ्या खुनाने, आणि तो पिढ्यानपिढ्या. ‘भाऊबंदकी’ हा शब्द ज्या भाषेत आहे, त्या भाषेच्या वाचकाला हे फार समजावून सांगावे लागणार नाही. बुरुजाची एक नजर खिंडीवर असे आणि दुसरी शेजाऱ्याच्या दारावर.

८/ मात्र येथे नुसते अराजक होते असे समजणे चूक ठरेल. वैर मिटवण्यासाठी मध्यस्थ नेमले जात, देवप्रतिमेसमोर शपथ घेतली जाई, भरपाई म्हणून जमीनही दिली जाई. गावसभा आपला प्रमुख निवडी. त्याला ‘माख्वशी’ म्हणत. सूडाला नियम होते आणि समेटालाही होते.

९/ स्वानांचा उल्लेख फार जुना आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी ग्रीक भूगोलकार स्ट्रॅबो ‘सोआनेस’ लोकांविषयी लिहितो : त्यांना राजा आहे, तशी ३०० जणांची सभाही आहे, डोंगरी ओढ्यांतले सोने ते लोकरीच्या कातड्यांवर अडवून गोळा करतात. सोनेरी लोकरीची ग्रीक कथा यातूनच आली असावी, असे तोच सांगतो.

१०/ पंधराव्या शतकाच्या अखेरीस जॉर्जियाचे एकसंध राज्य फुटले. स्वानेतीच्या पश्चिम भागात दादेश्केलियानी घराण्याची सत्ता आली. पूर्वेकडचा वरचा भाग, ज्यात उश्गुली येते, कोणत्याही सरंजामदाराखाली गेला नाही. त्याला ‘मुक्त स्वानेती’ म्हणत. एका राजवाड्याऐवजी शंभर बुरूज का, याचे निदान काही उत्तर या राजकारणात आहे, असे मला वाटते.

११/ आता ‘दुर्गम’ या शब्दाकडे वळू. मेस्तियाच्या संग्रहालयात ‘आदिशीची शुभवर्तमाने’ हे हस्तलिखित आहे. लेखनाचे वर्ष ८९७. कालनोंद असलेल्या जॉर्जियन शुभवर्तमानांत हे सर्वांत जुने. ते लिहिले गेले शातबेर्दीच्या मठात, म्हणजे आजच्या तुर्कस्तानच्या ईशान्य भागात. टिकले मात्र स्वानेतीतल्या आदिशी या एवढ्याशा गावात.

१२/ सखल जॉर्जियावर सेल्जुक आले, मंगोल आले. १३८६ नंतर तैमूरच्या स्वाऱ्या तर पुन:पुन्हा झाल्या. त्या काळात खालची अनेक मंदिरे आणि मठ लुटले गेले. वर स्वानेतीत सोन्याचांदीच्या मूर्तिपटांचा आणि ग्रंथांचा ठेवा लहानलहान मंदिरांतून शाबूत राहिला. ज्याला आपण दुर्गमता म्हणतो, ती त्या काळात एका संस्कृतीची तिजोरी होती. तिजोरी ही इतिहासाबाहेरची वस्तू नसते.

१३/ एकोणिसाव्या शतकात हाच दूरपणा दोष ठरू लागला. रशियन झारशाही खोऱ्यात शिरली. १८७५-७६ मध्ये मुक्त स्वानेतीत उठाव झाला आणि सैन्याने खाल्दे हे गाव उद्ध्वस्त केले. ज्या बुरुजांनी शतकानुशतके बाणांना आणि बंदुकांना दाद दिली नाही, ते तोफांपुढे टिकणार नव्हते.

१४/ त्याच सुमारास युरोपीय गिर्यारोहक येऊ लागले. १८६८ मध्ये इंग्रज डग्लस फ्रेशफील्ड, पुढे इटालियन छायाचित्रकार व्हित्तोरिओ सेल्ला. (१८९९ मध्ये कांचनजंगेला प्रदक्षिणा घालणाऱ्या मोहिमेत हेच दोघे होते.) सेल्लाची छायाचित्रे अमोल आहेत. पण रानटी, विस्मयकारक, जगाच्या टोकावरचे स्वानेती हे चित्र बाहेरच्या जगात पक्के झाले ते याच काळात.

१५/ १९३० मध्ये मिखाइल कलातोझोव्ह या दिग्दर्शकाने ‘सॉल्ट फॉर स्वानेतिया’ हा मूकपट उश्गुलीत चित्रित केला. त्याचा विषय मिठाचा तुटवडा. जनावरे मिठासाठी आसुसलेली, माणसे रूढींत जखडलेली, आणि शेवटी तारणहार म्हणून येतो तो सोव्हिएत रस्ता. छायांकन आजही थक्क करते. परंतु रस्त्याचे महत्त्व ठसवण्यासाठी गाव जितके मागासलेले दाखवता येईल तितके दाखवले आहे, हेही लपत नाही.

१६/ मिठाचा तुटवडा खरा होता. वरच्या स्वानेतीत मीठ मिळत नसे. बर्फाळ खिंडी ओलांडून ते पाठीवर वाहून आणावे लागे. पण म्हणजेच ही माणसे खिंडी ओलांडत होती, बाजारात जात होती, सौदा करत होती. ज्यांच्या रोजच्या जेवणात खिंडीपलीकडचे मीठ आहे, त्यांचा काळ थांबला आहे असे कसे म्हणावे?

१७/ १९७१ मध्ये उश्गुलीतली चाझाशी ही वाडी संरक्षित झाली. १९९६ मध्ये युनेस्कोने ‘अप्पर स्वानेती’ची जागतिक वारशात नोंद केली, तिचाही गाभा हीच वाडी. या दोन वर्षांच्या मधले एक वर्ष प्रवासाच्या माहितीपत्रकांत सहसा नसते : १९८७. त्या हिवाळ्यात स्वानेतीत प्रचंड हिमकडे कोसळले, अनेक माणसे दगावली. त्यानंतर हजारो स्वानांना जॉर्जियाच्या दक्षिणेकडील सखल भागात वसवण्यात आले.

१८/ माणसे गेली की दगडाचे काय होते? छपरावर साचलेला बर्फ वेळच्या वेळी काढावा लागतो. तो राहिला तर छप्पर खचते, पाणी भिंतीत मुरते, ते गोठून फुगते आणि चिरे सुटू लागतात. बुरूज शत्रूसमोर शतके टिकला, तरी रिकाम्या घरासमोर टिकत नाही.

१९/ आम्ही ज्या घरी उतरलो, तेथील आजींना मी विचारले, ‘तुमचा बुरूज किती वर्षांचा?’ भावाने मोडक्यातोडक्या जॉर्जियनमध्ये प्रश्न पोचवला. आजींनी शतक सांगितले नाही. गेल्या हिवाळ्यात छपरावर कोण चढले होते, त्याच्या आधी कोण चढे, आणि आता शहरात असलेला नातू पुढच्या हिवाळ्यात येईल की नाही, हे सांगितले. वहीत कालनिर्णय लिहायला सरसावलेले माझे पेन तसेच राहिले.

२०/ नातवाशी फोनवर त्या स्वान भाषेत बोलत होत्या. स्वान ही जॉर्जियनची बहीण, पण त्या कुटुंबातून सर्वांत आधी वेगळी झालेली. तिची स्वतःची लेखनपरंपरा नाही. शाळा जॉर्जियनमध्ये, पाहुण्यांशी व्यवहार इंग्रजीत. युनेस्कोच्या धोक्यातील भाषांच्या यादीतही तिचे नाव आहे. एकाच खोऱ्याचा दगड वारशाच्या यादीत आणि बोली धोक्याच्या यादीत.

२१/ ‘काळ थांबला आहे’ या वाक्याबद्दल माझा आक्षेप एवढाच आहे. ते ऐकायला गौरवाचे वाटते, पण छपरावर चढणाऱ्या माणसाला ते चित्रातून पुसून टाकते. बुरूज आपोआप उरले नाहीत. दर हिवाळ्यात कोणीतरी ते उरवले.

२२/ कोणी जाणार असेल तर : जून ते सप्टेंबर हा काळ बरा. आधी मेस्तियाचे संग्रहालय पाहावे, मग वर जावे. मुक्काम एखाद्या कुटुंबाकडे करावा. निघताना आजींनी हातात एक पुडी ठेवली : लसूण, धणे आणि निळ्या फुलांच्या मेथीत कुटलेले स्वान मीठ. हल्ली ते सगळ्या जॉर्जियात विकले जाते. जेथे मीठ पाठीवरून चढत असे, तेथून आता ते खाली उतरते.