अजिंठ्याच्या भिंतींवरची लाख

१/ चपडा म्हणजे झाडांवरील किड्यांच्या लाखेपासून बनणारा, सुतारांच्या नित्य परिचयाचा पदार्थ. स्पिरिटमध्ये विरघळवून तो लाकडावर फिरवला की चकाकी येते आणि नकोसा झाला की स्पिरिटनेच उतरवता येतो. अजिंठ्याच्या चित्रांवर मात्र तो एकदा चढला आणि उतरवणे हे कित्येक दशकांचे काम होऊन बसले.

२/ अजिंठ्याची चित्रे ओल्या चुन्यावर काढलेली नाहीत. कातळावर माती, तूस व वनस्पतींचे तंतू यांचा गिलावा, त्यावर चुन्याचा पातळ हात आणि त्या कोरड्या पृष्ठभागावर चिकट द्रव्यात कालवलेले रंग, अशी त्यांची रचना आहे. दमट हवा, कीटक व वटवाघळे यांमुळे हे चिकट द्रव्य क्षीण झाले आणि रंगांचे पापुद्रे सुटू लागले.

३/ १८१९ मध्ये ब्रिटिश अधिकारी जॉन स्मिथ लेण्यांत पोहोचला. पुढे रॉबर्ट गिल आणि १८७२ पासून मुंबईच्या कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी चित्रांच्या नकला केल्या. आकृती स्पष्ट दिसाव्यात म्हणून मूळ चित्रांवर वार्निशही चढवले गेले. गिल यांच्या बहुतेक नकला १८६६ च्या, तर ग्रिफिथ्स यांच्या अनेक नकला १८८५ च्या आगीत लंडनमध्ये जळाल्या. वार्निश तेवढे भिंतीवर राहिले.

४/ अजिंठा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. १९२० ते १९२२ या काळात निजाम सरकारने इटलीहून लोरेन्झो चेक्कोनी आणि त्यांचे सहायक ओर्सिनी यांना पाचारण केले. सुटणारे पापुद्रे भिंतीला धरून ठेवण्यासाठी त्यांनी शेलॅक, म्हणजेच हा चपडा, वापरला.

५/ तात्कालिक हेतू साधला. परंतु चपडा काळानुसार पिवळा, मग तपकिरी होतो आणि जितका जुना, तितका विरघळायला कठीण. त्याच्या थरात धूळ व काजळी अडकली आणि खालचे रंग झाकोळले.

६/ पुढे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या रसायनतज्ज्ञांपुढे पेच उभा राहिला. द्रावक सौम्य असेल, तर चपडा हलत नाही. तीव्र असेल, तर खालच्या रंगाला धोका. पाणी वापरावे, तर मातीचा गिलावा भिजतो. म्हणून आधी लहानशा तुकड्यावर चाचणी आणि मगच बेताने सफाई, एवढाच मार्ग उरतो. लाकूड पुन्हा रंगवता येते. येथे खरवडला गेलेला रंग परत येत नाही.

७/ म्हणून चेक्कोनींना दोषी ठरवून मोकळे होणे अन्यायाचे ठरेल. त्यांच्यासमोर गळून पडणारे रंग होते आणि हाताशी त्या काळाचे ज्ञान. त्यांच्या उपायाची उणीव पुढच्या पिढ्यांना दिसली ती काळ लोटल्यामुळेच. आजच्या संवर्धनशास्त्रात जे लावायचे ते पुढे निर्धोकपणे काढता यावे, हे तत्त्व मानले जाते. त्यामागचा तर्क समजून घेण्यासाठी अजिंठ्याच्या भिंतींइतका बोलका पुरावा क्वचितच सापडेल.