दक्षिणेच्या पैशातून दख्खनचं विद्यापीठ

पुण्यात रिक्षावाल्याला नुसतं ‘डेक्कन’ सांगितलं तर तो जिमखान्यावर नेऊन सोडतो. डेक्कन कॉलेजला जायचं असेल तर ‘येरवड्याचं’ असं आवर्जून सांगावं लागतं. भारतातल्या आधुनिक भाषाविज्ञानाचं हे एक जुनं घर, आणि ऐतिहासिक तत्त्वांवरचा संस्कृतचा महाकोश याच घरात तयार होतो आहे. या संस्थेचं नाव आणि तिला मिळालेला पहिला पैसा, दोन्ही एकाच शब्दातून निघाले आहेत. तो शब्द म्हणजे ‘दक्षिण’.

नावाचा प्रवास सरळ आहे. इंग्रजी वळणाच्या ‘डेक्कन’मागे फारसीतलं ‘दकन’ आणि आपलं ‘दख्खन’ उभं आहे, त्यांच्यामागे प्राकृत ‘दक्खिण’, आणि मुळाशी संस्कृत ‘दक्षिण’. पण या मुळाशी पोचल्यावर दिशा आधी भेटत नाही, हात भेटतो. दक्षिण म्हणजे उजवा. वैदिक माणूस उगवतीकडे तोंड करून उभा राहिला आणि तिथून त्यानं दिशांना नावं दिली. समोरची ती प्राची, पाठीमागची ती पश्चिम, उजव्या हाताची ती दक्षिण. ‘दक्ष’ म्हणजे समर्थ, कुशल. ज्या हातात कौशल्य तो दक्षिण हात. लॅटिनमधला ‘डेक्स्टर’ आणि अवेस्तातला ‘दशिन’ हे याच कुळातले. युरोपच्या पार पश्चिम टोकाला आयरिश भाषेत ‘उजवा’ आणि ‘दक्षिण’ या दोन्ही अर्थांना आजही एकच शब्द चालतो, आणि तोही याच मुळाचा आहे. म्हणजे उगवतीकडे तोंड करून उभं राहण्याची ही रीत फार दूरपर्यंत पोचलेली होती.

मराठीनं हातासाठी मात्र वेगळी वाट धरली. आपला ‘उजवा’ ऋजूशी, म्हणजे सरळपणाशी जोडला जातो. जुना अर्थ आपल्याकडे ‘प्रदक्षिणे’त टिकून राहिला आहे. देवाला आपल्या उजव्या अंगाला ठेवून फिरायचं ती प्रदक्षिणा. रोज देवळात जाणाऱ्याचे पाय हा अर्थ पाळतात, शब्दाकडे लक्ष असो वा नसो.

आता ‘दक्षिणा’. हे ‘दक्षिण’चंच स्त्रीलिंगी रूप. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात दक्षिणेचं एक अख्खं सूक्त आहे. यज्ञ पुरा झाल्यावर ऋत्विजाला द्यायची ती मूळची गाय: समर्थ, वासरू देणारी, दुभती. गाय मागे पडली, तिच्या जागी सोनं आलं, मग नाणं आलं. नाव तेच राहिलं. हा शब्द पुण्याच्या इतिहासात शिरतो तो नाण्याच्या रूपात.

सेनापती खंडेराव दाभाडे यांनी तळेगावला श्रावणात विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटण्याची प्रथा सुरू केली. पुढे ती पेशव्यांनी आपल्याकडे घेतली. पर्वतीच्या पायथ्याशी रमण्यात दक्षिणा वाटली जाई आणि तिच्यासाठी लांबलांबून शास्त्री-पंडित पुण्यात येत. १८१८ साली पेशवाई गेली. ही दक्षिणा एकदम बंद केली तर पुण्यातला ब्राह्मणवर्ग बिथरेल हे इंग्रज अधिकारी माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टननं ओळखलं होतं. त्यानं ती कमी केली आणि तिचा एक भाग पाठशाळेकडे वळवला. ६ ऑक्टोबर १८२१ रोजी कमिशनर चॅपलिनच्या कारकिर्दीत विश्रामबाग वाड्यात हिंदू कॉलेज सुरू झालं. तिथे संस्कृत शास्त्रं शिकवली जात आणि शिकणारे ब्राह्मणच असत. ज्याला आज डेक्कन कॉलेज म्हणतात त्याची ही सुरुवात.

दक्षिणेच्या अर्थात खरा बदल झाला तो त्यानंतर. १८४९ साली पुण्यातल्या सुधारक तरुणांनी सरकारकडे अर्ज केला की दक्षिणेतला पैसा मराठीत ग्रंथ लिहिणाऱ्यांना मिळावा. लोकहितवादी त्या बाजूचे होते. सनातन्यांचा संताप मोठा होता आणि जोतीराव फुले या तरुणांच्या पाठीशी उभे राहिले. १८५१ साली दक्षिणा प्राइझ कमिटी आली. मला हा क्षण मराठीच्या इतिहासात फार मोलाचा वाटतो. जन्मानं मिळणारं दान लिहिलेल्या पुस्तकाचं बक्षीस झालं, शब्दही न बदलता. बदल अपुरा राहिला हेही तितकंच खरं. खुद्द फुल्यांनी १८५५ साली लिहिलेलं ‘तृतीय रत्न’ हे नाटक याच कमिटीकडे दिलं होतं आणि कमिटीनं ते नाकारलं. ज्यांनी दक्षिणेचं दार उघडायला बळ लावलं, त्यांच्या पदरात तिनं काही घातलं नाही.

पुढे कॉलेजातल्या ‘दक्षिणा फेलो’ या पदानंही शब्द जिवंत ठेवला. नाव पूना कॉलेज झालं, मग डेक्कन कॉलेज. सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या देणगीतून येरवड्याला दगडी इमारत उभी राहिली आणि १८६८ साली कॉलेज तिथे गेलं. रामकृष्ण गोपाळ भांडारकर इथे संस्कृतचे प्राध्यापक होते. त्याआधी १८७७ साली त्यांनी विल्सन व्याख्यानं दिली होती, आणि संस्कृतपासून आजच्या भाषांपर्यंतची वाट नियमांनिशी दाखवली होती. ‘दक्षिण’चं ‘दक्खिण’ का होतं हे सांगणारी विद्या इथल्या माणसाच्या हाती तेव्हा आली.

१९३४ साली सरकारनं कॉलेज बंद केलं. माजी विद्यार्थी कोर्टात गेले, लढले, आणि १७ ऑगस्ट १९३९ रोजी संस्था पदव्युत्तर संशोधनासाठी पुन्हा उघडली. पहिले संचालक इराच तारापोरवाला हे अवेस्ताचे जाणकार आणि भाषाशास्त्रावर पुस्तक लिहिलेले विद्वान. त्यांच्यानंतर आले सुमित्र मंगेश कत्रे, कोकणीच्या घडणीवर ग्रंथ लिहिणारे. १९२८ साली लाहोरला स्थापन झालेली लिंग्विस्टिक सोसायटी ऑफ इंडियाही पुढे याच आवारात आली. पन्नाशीच्या दशकात इथे भरलेल्या भाषाविज्ञानाच्या शिबिरांतून देशभरच्या विद्यापीठांना शिक्षक मिळाले. म्हैसूरला भारतीय भाषा संस्थान निघालं ते १९६९ साली. तोवर पुण्यातली एक पिढी तयार होऊन कामाला लागली होती.

कत्र्यांनी १९४८ साली हाती घेतलेलं काम म्हणजे कोश. ऋग्वेदापासून अठराव्या शतकापर्यंतचे सुमारे दीड हजार ग्रंथ वाचून शब्द टिपायचे, हे त्याचं सूत्र. एका चिठ्ठीवर एक शब्द, एका ठिकाणचा: वर शब्द, त्याचं व्याकरण, तो आलेलं वाक्य, ग्रंथाचं संक्षिप्त नाव, ओळीचा ठिकाणा. त्याच शब्दाची दुसरी चिठ्ठी दुसऱ्या ग्रंथातून. अशा सुमारे एक कोटी चिठ्ठ्या लोखंडी कपाटांच्या खणांत अक्षरवार लावलेल्या आहेत. एका शब्दाच्या चिठ्ठ्या काळाच्या क्रमानं मांडल्या की अर्थ कुठे वळला ते नजरेला दिसतं. ‘दक्षिणा’च्या चिठ्ठ्या अशा लावल्या तर गाय, सोनं आणि नाणं एका रांगेत उभी राहतील. अमृत माधव घाटगे यांच्या संपादनाखाली पहिला भाग १९७६ साली निघाला. हेच घाटगे कोकणीच्या आणि वारलीच्या बोलींचं वर्णन करत दक्षिण कानडा, ठाणे, कोचीन इथल्या बोलणाऱ्यांपर्यंत पोचले होते. पोथी आणि माणसाचं तोंड यांत त्यांनी भेद केला नाही. संस्थेनं राज्य मराठी विकास संस्थेबरोबर गावोगावच्या मराठीचं ध्वनिमुद्रण केलं आहे, ते त्याच वाटेवरचं.

कोशाचे प्रकाशित भाग हजारो पानांचे आहेत, आणि ते सारे ‘अ’चे आहेत. या गतीनं ‘द’ यायला किती पिढ्या लागतील याचा हिशेब मांडवत नाही. ऑक्सफर्डच्या कोशकारांनी नव्या आवृत्तीचं काम २००० साली ‘एम’पासून सुरू केलं आणि पुढे अक्षरक्रम सोडून महत्त्वाच्या शब्दांनाही हात घातला. पुण्याला हे करता येईल. चिठ्ठ्या तयार आहेत, आणि त्या संगणकावर चढवण्याचं कामही सुरू झालेलं आहे. अक्षरक्रमाचा कोश आपल्या गतीनं चालू द्यावा. त्याच्या जोडीला ‘दक्षिणा’, ‘धर्म’, ‘देश’, ‘वर्ण’, ‘जाति’ अशा शंभरेक शब्दांचे इतिहास आधी छापावेत, मराठीतून छापावेत. त्यासाठी माणसं नेमावी लागतील, पैसा लागेल. सरकारनं आणि देणगीदारांनी तो द्यावा.